मिठाचा डबा बदलण्यापूर्वी

प्रश्न असा आहे. आईंचे वय ६४ असून गेली आठ वर्षे त्यांना उच्च रक्तदाबाचा त्रास आहे. टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे, तरीही वरचा दाब १४५ ते १५०च्या खाली येत नाही. मुलाने कमी सोडियमच्या मिठाचे पाकीट आणून दिले आहे. शेजारच्या काकूंचा आग्रह मात्र सैंधव मिठाचा आहे. वडील ७० वर्षांचे असून त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. घरात सात वर्षांची नात आहे आणि स्वयंपाक सगळ्यांचा एकच होतो. अशा घरात कोणते मीठ वापरावे?

सव्वीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे रुग्ण तपासत आलो आहे, त्या अनुभवावर आणि गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या संशोधनावर विसंबून उत्तर देतो. आईंसाठी कमी सोडियमचे मीठ बहुधा फायद्याचे ठरेल. परंतु आईंची आणि वडिलांची रक्तचाचणी झाल्याशिवाय ते पाकीट फोडू नये. प्रश्न आईंच्या रक्तदाबाचा असला, तरी या घरातला खरा पेच वडिलांच्या मूत्रपिंडांचा आहे.

आधी हे मीठ म्हणजे काय ते पाहू. साधे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता भरू नये इतके, असा होतो. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये प्रौढ माणसाचे रोजचे मीठ ८ ते ११ ग्रॅमच्या दरम्यान आढळले आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग, बहुतेक प्रयोगांत २५ ते ३० टक्के, काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ते दिसायला मिठासारखेच पांढरे आणि चवीलाही खारट असते, मात्र जास्त प्रमाणात घातल्यास जिभेवर किंचित कडवट चव मागे राहते.

या मिठावरचा सर्वांत मोठा प्रयोग उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत झाला. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज इन्स्टिट्यूटचे ब्रूस नील यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात २०,९९५ माणसे होती. ज्यांना आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, किंवा ज्यांचे वय ६० किंवा त्याहून अधिक असून रक्तदाब आटोक्यात नव्हता, अशांनाच त्यात घेतले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी खेड्यांची विभागणी केली गेली. निम्म्या खेड्यांतल्या सहभागी कुटुंबांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ फुकट दिले गेले आणि उरलेल्या निम्म्या खेड्यांत लोक नेहमीचे मीठ खात राहिले. जवळपास पाच वर्षे ही माणसे नजरेखाली होती. साध्या मिठाच्या खेड्यांत दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ३४ पक्षाघात झाले, तर बदललेल्या मिठाच्या खेड्यांत सुमारे २९. म्हणजे पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. वरच्या दाबातला सरासरी फरक मात्र फक्त ३.३ मिलिमीटर होता.

हा शेवटचा आकडा ऐकून रुग्ण हमखास विचारतात की डॉक्टर, तीन अंकांनी काय होणार. एका माणसाच्या दृष्टीने पाहिले तर तो फरक मशीनच्या दोन वाचनांतही पडू शकतो. पण धमनीच्या भिंतीला तो दाब दिवसाला सुमारे एक लाख वेळा सोसावा लागतो, आणि तसे सलग पाच वर्षे चालते. हजारो माणसांचा दाब तीन अंकांनी खाली राहतो तेव्हा मेंदूतली रक्तवाहिनी फुटण्याचे किंवा तुंबण्याचे प्रसंग मोजता येतील इतके कमी होतात.

मला त्याहून अधिक विचार करायला लावणारा प्रयोग चीनमधल्याच ४८ वृद्धाश्रमांत झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही आश्रमांच्या स्वयंपाकघरांना बदललेले मीठ दिले. काहींना साधेच मीठ, पण टप्प्याटप्प्याने त्याचे प्रमाण कमी करत दिले, काहींना दोन्ही उपाय एकत्र लागू केले आणि काहींना काहीच बदल सांगितला नाही. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा मीठ बदललेल्या आश्रमांत वरचा दाब सरासरी ७.१ मिलिमीटरने कमी भरला आणि हृदयरोग व पक्षाघाताचे प्रसंगही घटले. हळूहळू मीठ कमी करण्याच्या उपायाचा मात्र काहीच परिणाम दिसला नाही. आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे 'मीठ कमी करा' एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. तो सल्ला शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण चव बिघडली की माणूस कुठून तरी मीठ मिळवतोच, कधी लोणच्याची फोड वाढवून घेतो, कधी पापड मागतो, हे त्या आश्रमांच्या आकड्यांवरून मला पटले. चव तीच राहून आतले सोडियम घटते, तेव्हा माणसाला रोज स्वतःशी झगडावे लागत नाही.

हे सगळे चीनचे झाले, आपल्याकडे काय, असे विचारणे रास्त आहे. तेलंगणातल्या सिद्दिपेट भागातील खेड्यांत उच्च रक्तदाबाच्या ५०२ रुग्णांवर असा प्रयोग झाला. तिथे ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरले गेले, आणि कोणाला कोणते मीठ मिळाले हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि मोजणाऱ्यांनाही नव्हते. तीन महिन्यांत वरचा दाब सरासरी ४.६ मिलिमीटरने उतरला. या अभ्यासात फक्त दाब मोजला गेला, पक्षाघात मोजण्याइतका काळ तो चालला नाही, ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. पण एका बाबतीत आपली आणि उत्तर चीनमधल्या खेड्यांची स्थिती सारखी आहे: पोटात जाणारे बहुतांश मीठ घरच्या चुलीवर, घरच्या हाताने पडते. युरोप-अमेरिकेत ते पाव, चीज आणि डबाबंद पदार्थांतून येते, त्यामुळे तिथे घरचा डबा बदलून फारसे साधत नाही. आपल्याकडे भाकरीच्या पिठात, भाताच्या आधणात, आमटीत आणि ताकात जाणारे मीठ एकाच डब्यातून निघते, आणि म्हणूनच हा डबा बदलण्याला इथे अर्थ आहे.

शरीरात नेमके काय घडते हेही सांगतो, कारण पुढची सगळी खबरदारी त्यावर अवलंबून आहे. सोडियम शरीरात राहिले की ते आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, रक्ताचे एकूण आकारमान वाढते आणि ते वाढलेले रक्त त्याच नळ्यांतून ढकलायचे म्हणून दाब चढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांमध्ये, लघवी तयार होण्याच्या जवळजवळ शेवटच्या टप्प्यावर, सोडियम परत रक्तात ओढून घेणारी एक यंत्रणा असते, आणि ती किती जोराने चालावी हे रक्तातल्या पोटॅशियमवर ठरते. आहारात पोटॅशियम कमी पडले की ही यंत्रणा जोरात चालते आणि सोडियम परत आत घेतले जाते. पोटॅशियम पुरेसे असेल तर ती मंदावते आणि सोडियम लघवीवाटे निघून जाते. म्हणून हे मीठ दोन बाजूंनी काम करते: एकीकडे सोडियम कमी येते, दुसरीकडे आलेले सोडियम सहज बाहेर पडते. लघवीचे प्रमाण वाढवून रक्तदाब कमी करणाऱ्या थायझाइड वर्गातल्या गोळ्या याच यंत्रणेला अडवतात.

आता याची दुसरी बाजू. पोटॅशियमसुद्धा मूत्रपिंडांनीच बाहेर टाकायचे असते. कोणी दिवसाला ८ ग्रॅम मीठ खात असेल आणि त्यातले २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असेल, तर त्याच्या पोटात रोज सुमारे एक ग्रॅम जादा पोटॅशियम जाते. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज अडीच केळी वाढवल्यासारखे झाले. निरोगी मूत्रपिंडांना याचे काहीच ओझे नाही. पण मूत्रपिंडे थकलेली असतील, तर तेच पोटॅशियम रक्तात साचते, आणि ते ठरावीक मर्यादेबाहेर गेले की हृदयाचे ठोके बिघडतात. हे अनेकदा कोणत्याही दुखण्याशिवाय, कसलीही सूचना न देता होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मधुमेहाचे एक जुने रुग्ण पायांत शक्ती नाही म्हणून आले. उंबरठा ओलांडताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात धरला होता, तेवढे मला आजही आठवते. रक्तातले पोटॅशियम ६.४ निघाले, ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते, आणि हृदयाच्या आलेखातही बदल दिसत होते. त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले आणि ते बरे झाले. नंतर खोलात गेल्यावर कळले की सुनेने काळजीपोटी तीन महिन्यांपूर्वी 'बीपीवाल्यांचे मीठ' आणले होते. त्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साचणारा घटक, वाढलेले असल्याची नोंद माझ्याच केसपेपरवर होती, ते रक्तदाबासाठी रामिप्रिल हे पोटॅशियम थोडे वाढवणारे औषध घेत होते हेही मला माहीत होते, पण घरात कोणते मीठ आहे हे मी विचारले नव्हते. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला मी मिठाचे पाकीट बरोबर आणायला सांगतो, जसे गोळ्यांची पाने आणायला सांगतो.

चीनमधल्या मोठ्या प्रयोगात पोटॅशियम धोकादायक वाढल्याच्या घटना दोन्ही गटांत जवळपास सारख्याच आढळल्या, आणि वर्तमानपत्रांतून तेवढेच वाक्य ठळकपणे छापून येते. परंतु गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या प्रयोगात मुळात घेतलेच नव्हते. त्यामुळे ज्यांना वगळले होते त्यांच्यासाठी हे मीठ सुरक्षित आहे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाविषयी मार्गदर्शक सूचना काढली, तीही याच धर्तीची आहे. प्रौढांनी स्वयंपाकात आणि ताटात घ्यायच्या साध्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ वापरावे अशी शिफारस तिने केली, पण ती सशर्त आहे. गर्भवती, लहान मुले, मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडचण असलेले रुग्ण यांना ती लागू नाही.

औषधांच्या बाबतीत स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि अमिलोराइड या पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे मीठ घरात आणू नये. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे शरीरातले पोटॅशियम थोडे वाढवतात. मूत्रपिंडे चांगली असतील तर या औषधांबरोबर हे मीठ वापरता येते, पण आधी एकदा आणि सुरू केल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे, असे माझे धोरण आहे. आईंची गोळी याच वर्गातली आहे. गुडघेदुखीसाठी वरचेवर वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्या मूत्रपिंडांवरचा ताण आणि पोटॅशियम दोन्ही वाढवू शकतात.

सैंधवाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. सैंधव हेसुद्धा जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. त्याला गुलाबी रंग देणारी खनिजे इतकी अल्प असतात की रक्तदाबावर त्यांचा परिणाम होण्याचा प्रश्न येत नाही. 'हे मीठ चांगले' या समजुतीने हात सैल सुटतो आणि सोडियम उलट वाढते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. शिवाय सैंधवात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. १९५०च्या दशकात हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी करून दाखवला आणि त्यातूनच आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम उभा राहिला. वाढत्या वयाच्या मुलीच्या घरात ते आयोडीन सोडून देणे मला पटत नाही. उपवासाला सैंधव वापरायला हरकत नाही, पण रक्तदाबाचा उपाय म्हणून ते घेऊ नये. कमी सोडियमचे मीठ घेतानाही पाकिटावर आयोडीनयुक्त असे लिहिलेले आहे का, आणि घटकांमध्ये पोटॅशियम क्लोराइड किती टक्के आहे, हे वाचूनच घ्यावे. 'लाइट' किंवा 'हेल्दी' या शब्दांवरून काही कळत नाही. काही पाकिटांत सोडियम जेमतेम पंधरा टक्क्यांनीच कमी असते.

मधूनमधून एक बातमी येते की मीठ कमी केल्याने मृत्यू वाढतात. तिचा उगम बहुधा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत पसरलेल्या एका मोठ्या निरीक्षणात असतो. त्यात सकाळच्या लघवीच्या एकाच नमुन्यावरून माणसाचे रोजचे मीठ अंदाजाने ठरवले होते. ती पद्धत ढोबळ आहे, आणि आजारी माणूस मुळातच कमी जेवतो, म्हणून त्याचे मीठही कमी भरते, ही गफलत अशा निरीक्षणातून पुरती काढता येत नाही. चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांचे वजन मी त्याहून जास्त मानतो.

तुमच्या घरात मीठ किती लागते हे शोधण्याचा एक सोपा मार्ग सांगतो. मिठाचे एक किलोचे नवे पाकीट फोडाल त्या दिवशी पेनने त्यावर तारीख घाला आणि ते संपेल त्या दिवशी दुसरी तारीख घाला. हजार ग्रॅमला दिवसांच्या संख्येने भागा आणि मग जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. चार माणसांच्या घरात ५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम लागायला हवे, म्हणजे एक किलोचे पाकीट पन्नास दिवस पुरले पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांत ते पंचवीस ते तीस दिवसांतच संपते. भाज्या धुताना, कैऱ्या खारवताना काही मीठ वाया जाते, पाहुणेही येतात, म्हणून हा आकडा अगदी काटेकोर नसतो. पण आपण कुठे उभे आहोत हे त्यावरून चांगले समजते, आणि दोन-तीन पाकिटांच्या तारखा शेजारी ठेवल्या की फरक पडतो आहे का तेही दिसते.

या हिशेबात न येणारे मीठ वेगळे. विकतचे लोणचे, पापड, सांडगी मिरची, शेव-फरसाण, सुके बोंबील आणि सुकट, वडापावची सुकी चटणी यांतले सोडियम डबा बदलून कमी होत नाही. भज्यांच्या आणि ढोकळ्याच्या पिठातल्या खायच्या सोड्यातही वजनाच्या चौथ्या भागाहून अधिक सोडियम असते, आणि पाण्यात टाकल्यावर फेसाळणारी पित्ताची पावडर रोज घेणाऱ्या रुग्णांना तर आपण मीठच पितो आहोत याची कल्पनाही नसते.

आता तुमच्या घरापुरते. वडिलांना पंधरा वर्षे मधुमेह आहे, म्हणून त्यांचे क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज, रक्तातले पोटॅशियम आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन या चार तपासण्या आधी करा. एवढ्या वर्षांच्या मधुमेहात त्या दरवर्षी व्हायलाच हव्यात. आईंचे क्रिएटिनिन आणि पोटॅशियमही त्याच दिवशी पाहा. दोघांची मूत्रपिंडे ठीक असतील, तर तुमच्या डॉक्टरांना विचारून मोठ्यांच्या स्वयंपाकात हे मीठ सुरू करता येईल, आणि महिन्याभरात दोघांचेही पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या. नातीसाठी त्याची शिफारस नाही. तिची आमटी, भाजी आधी वेगळी काढून तिच्यात थोडे साधे आयोडीनयुक्त मीठ घाला, आणि तेही हात राखून. वडिलांच्या तपासणीत गाळणक्षमता घटलेली किंवा पोटॅशियम वरच्या काठावर आढळले, तर ते पाकीट परत करा. एका घरात दोन डबे ठेवून 'बाबांचे वेगळे, आईचे वेगळे' हे चार दिवस जमते, पाचव्या दिवशी घाईत हात भलत्याच डब्यात जातो. अशा घरात साधेच मीठ ठेवून ते मोजून घालणे, ताटात वरून न घेणे आणि लोणचे-पापड रोजच्या जेवणातून सणावारापुरते करणे हा मार्ग सुरक्षित आहे. सुरुवातीला जेवण अळणी लागेल, पण जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडेच लागतात. तोवर कोकम, लिंबू, चिंच, लसूण आणि भाजलेले जिरे बरीच उणीव भरून काढतात.

आईंच्या गोळीबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १४५ ते १५० हा दाब आठ वर्षांच्या उपचारानंतर स्वीकारण्यासारखा नाही, आणि मीठ बदलून मिळणारे चार-पाच अंक त्याला पुरे पडणार नाहीत. औषधाची मात्रा वाढवायची की दुसरे औषध जोडायचे हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा, मिठाच्या परिणामाची वाट पाहू नका, आणि मीठ बदलले म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी सलग सात दिवस घरी सकाळ-संध्याकाळ दाब मोजा. त्याआधी अर्धा तास चहा घेऊ नका, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. ती वही आणि मिठाचे पाकीट, दोन्ही बरोबर न्या.